क्रांतीचे कपडे आणि वेचणीचा सदरा

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही फ्रेंच राज्यक्रांतीचे कपडे शिवले होते ना? बक्षीसही मिळालं होतं. त्यावरच लिहा. जरा गमतीशीर असू द्या." मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर माझं डोकं भणभणायला लागलं. त्या बक्षिसाचं नाव काढलं की मला राग येतो. दहा वर्षं झाली, कमी होत नाही. प्रमाणपत्र काही दिवस दुकानात लावलं होतं, मग मीच काढून कपाटामागे टाकलं. बायको म्हणाली, लोकांना दाखवायला बरं होतं. मी म्हणालो, मला बघायला बरं नव्हतं. तेव्हा गमतीशीर काही होईल असं वाटत नाही. ज्यांना गंमत हवी त्यांनी दुसरं पान काढावं.

मी संग्रामपूरला बेचाळीस वर्षं कपडे शिवले. जेन्ट्स टेलर. शिक्षण नववी नापास. कापणं आणि मशीन मी चालवायचो, काज-बटण आणि तुरपाई बायको करायची. शहरातल्या माणसाला वाटतं शिंपी म्हणजे नवे कपडे शिवणारा. तालुक्याच्या गावाला तसं नसतं. नवे कपडे लग्नसराईत आणि दिवाळीत. बाकीचं वर्ष जुन्यावर जातं. पँटचं बूड विरलं, आतून अस्तर लाव. पोरगं वाढलं, पायाची दुमड उसव आणि लांबी सोड. शर्टाची कॉलर मानेशी घासून पांढरी पडली की उलटव. हे शेवटचं काम आता कोणाला माहीत नसेल म्हणून सांगतो. कॉलर पूर्ण उसवायची, झिजलेली बाजू आत करायची, न झिजलेली वर घ्यायची आणि त्याच जागी पुन्हा बसवायची. नीट जमलं तर शर्टाला आणखी तीन वर्षं मिळतात आणि बघणाऱ्याला कळतही नाही. माझी सवय अशी की उलटवलेल्या कॉलरच्या दोन्ही टोकांना मी आतून आडवे तीन टाके घालायचो. त्यावरून माझं काम मला कुठेही ओळखू यायचं. या कामाचा मला गर्व होता आणि आहे. नवा कोट कोणीही शिवतो. जुना शर्ट माणसाच्या अंगावर इज्जतीनं ठेवणं हे काम अवघड.

दुकान टाकल्यावर चौथ्या-पाचव्या वर्षीची गोष्ट आहे. गोविंदा नावाचा एक सालगडी आला. वय पन्नाशीचं, जन्मभर धोतर आणि बंडी. पोरीचं लग्न ठरलं होतं, व्याही अकोटचे, आणि त्याला फुलपँट हवी होती. माप घेताना तो असा ताठ उभा राहिला की जणू डॉक्टर तपासतो आहे. दोनदा म्हणाला, "घोट्याच्या खालपर्यंत येऊ द्या." मी शिवून दिली. आठ दिवसांनी त्याचे मालक दुकानात आले. हातात काठी. खुर्चीवर बसले नाहीत, उभ्यानंच बोलले.

"काऊन बे, त्याले फुलपँट शिवून देली म्हणते तू? आता थो अन् मी सारखेच दिसू का?"

मी सव्वीस वर्षांचा होतो. मी म्हणालो, "कापड त्यानं आणलं, माप म्या घेतलं. तुमाले शिवाची असन तं तुमचंबी घेतो." ते तसेच गेले आणि त्या वाड्यातून माझ्याकडे पुन्हा एक रुमालही शिवायला आला नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट गावभर सांगत फिरलो. तेव्हा माझ्या पाठीला कणा होता.

आता त्या नाटकाचं. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका कॉलेजात एक प्राध्यापक बदलून आले होते. नाव सांगत नाही, सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही सरच म्हणतो. शहरात वाढलेले, नाटकाचं जबरदस्त वेड. वाईट माणूस नव्हते. पोरांवर मेहनत घ्यायचे, स्वतःच्या गाडीतून त्यांना घरी सोडायचे. विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी त्यांनी नाटक बसवायला घेतलं ते फ्रान्सच्या क्रांतीवरचं. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचे राजे, सरदार आणि पावासाठी मोर्चा काढणाऱ्या बाया. सगळे कपडे मी करायचे. त्यांनी मला लायब्ररीतलं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक आणून दिलं आणि म्हणाले, "मास्तर, यातलं बघून जमेल का?"

माझ्या आयुष्यात कोणी माझ्या हातात एवढं मोठं पुस्तक दिलं नव्हतं. मी ते हात धुऊन उघडायचो. इंग्रजी होतं, वाचता येत नव्हतं, पण चित्र वाचायला मला भाषा लागत नाही. शिवण कुठून कुठे गेली, कापड उभं घेतलं की तिरकं, हे दिसतं. बाकीचं सरांनी सांगितलं. ते ऐकून मी थक्क झालो. तिथले सरदार गुडघ्यापर्यंतच तंग विजार घालायचे, खाली रेशमी मोजे. घोट्यापर्यंतची लांब पँट घालायचा तो कामकरी, हमाल, सुतार. पुढे जी लढाई झाली तीत गरिबांनी अभिमानानं स्वतःला नावच घेतलं, 'गुडघ्याची विजार नसलेले'. आणि राजानं सभा बोलावली तेव्हा हुकूम काढला की सरदारांनी सोन्याची जरी आणि पिसं लावून यावं, सामान्य लोकांच्या माणसांनी साधे काळे कपडे घालावे. म्हणजे अंगावर काय घालायचं हे सांगायला तिथंही कोणीतरी मालक दुकानात येऊन उभा राहात होता. मला गोविंदा आठवला. मी बायकोला म्हणालो, आपण जन्मभर जी फुलपँट शिवली ती क्रांतीची वस्तू आहे. ती म्हणाली, आधी त्या क्रांतीची बटणं आणून द्या, मग लावते.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली. सरदार लोक डोक्यावर केसांचे टोप घालायचे आणि ते पांढरे दिसावे म्हणून त्यावर पिठाची भुकटी मारायचे. खाली लोकांना पाव मिळत नव्हता आणि यांच्या डोक्यावर पीठ. हे ऐकून मला इतका राग आला की त्या दिवशी मी एका सरदाराची विजार दोन बोटं जास्तच तंग कापली. ज्या पोराला ती आली त्याला नाटकभर बसता आलं नाही.

सरदारांचे कोट मी बँडपार्टीचे घेतले. आमच्या भागातल्या दोन बँडपार्ट्यांचे कपडे मीच शिवायचो. लाल कोट, सोनेरी पट्ट्या, खांद्यावर झालर. शेपूट वाढवली, छातीला लेस लावली, झाले सरदार. तालमीत एक सरदार आला की मागून कोणीतरी लग्नातली धून गुणगुणायचं. पांढरे टोप आम्ही सरकी काढलेल्या कापसाचे केले, जुन्या टोप्यांवर डिंकानं चिकटवून. दिसायला झकास दिसले.

गरिबांच्या कपड्यांसाठी सरांनी पोरांना सांगितलं, घरून जुने आणा. त्यात वैशाली नावाची मुलगी होती, सोनाळ्याची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मोर्चाच्या पुढे चालणारी बाई तिला दिली होती. आवाज असा की हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जायचा. तिची आई मंदाबाई रोजानं शेतात जायची. मला त्या माहीत होत्या, बाजाराच्या दिवशी कपडे दुरुस्तीला आणायच्या. पुस्तकातल्या एका चित्रात मोर्चातल्या बाईच्या अंगात पुरुषाचं जाकीट होतं. ते बघून मला सुचलं. आपल्याकडे बाया कापूस वेचायला जातात तेव्हा लुगड्यावरून नवऱ्याचा लांब बाह्यांचा सदरा घालतात, कारण बोंडाच्या सुकलेल्या पाकळ्या सुईसारख्या लागतात. मी वैशालीला म्हणालो, "मायचा वेचणीचा सदरा घेऊन ये. चित्रातल्या बाईसारखीच दिसशील." ही कल्पना माझी होती. हे मुद्दाम लिहितो, म्हणजे पुढे सगळा दोष सरांवर जाणार नाही.

तिनं आणला. मंदाबाईंनी दोन दिवसांसाठी दिला होता, महोत्सव झाला की परत हवा होता. दसरा होऊन गेला होता, वेचणी नुकती सुरू झाली होती.

निघायच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. दुपारची वेळ, कॉलेजचा हॉल. सरदार आले, सर खूष झाले. मग मोर्चा आला आणि सरांचा चेहरा पडला. म्हणाले, हे गरीब वाटत नाहीत. मी म्हणालो, सर, पुस्तकातल्या चित्रांत बघा, कोपरावर ठिगळ आहे, गुडघ्यावर ठिगळ आहे, पण कोणाचं छातीवर फाटून लोंबत नाही. गरिबाकडे एकच जोड असतो, तो त्याला जपतो. मोर्चाला जायचं म्हणजे चार लोकांत जायचं, तेव्हा तर आणखीच जपून घालतो. सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, तुमचं खरं आहे. पण शेवटच्या रांगेतल्या माणसाला ठिगळ दिसत नाही. फाटलेलं दिसतं."

त्यांनी एका पोराच्या शर्टाची बाही धरून टरकन ओढली. कापड सुताच्या रेषेत सरळ फाटलं, कात्रीनं कापल्यासारखं. बघायला खोटं वाटलं. सरांच्याही लक्षात आलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हे तुम्हीच करा. तुमच्या हातातली गोष्ट आमच्या हातात नाही."

आता जे सांगतो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मला ते ऐकून बरं वाटलं. एवढा शिकलेला माणूस, पन्नास पोरांसमोर, नववी नापास माणसाला म्हणतो की तुमच्या हातातली गोष्ट आमच्या हातात नाही. माझी छाती फुगली. मी कात्री घेतली आणि कामाला लागलो. खरं फाटलेलं कसं दिसतं हे शिंप्याइतकं कोणाला माहीत? आधी तिरका काप द्यायचा, मग पात्याच्या टोकानं आडवे धागे ओढून काढायचे, कडा विटेच्या तुकड्यानं घासायच्या. जन्मभर ज्या जागा वाचवल्या त्याच जागा मी शोधून शोधून फाडत होतो, आणि पोरं भोवती जमून वा मास्तर, वा मास्तर करत होती. बहुतेक कपडे टाकाऊ होते. त्यांचं काही नाही.

मग तो सदरा हातात आला. वैशाली तेव्हा तो काढून ठेवून आत केस बांधून घेत होती. सदरा मी उलटा केला आणि कॉलरच्या टोकांना आतून आडवे तीन टाके दिसले. मी ओळखला. दोन वर्षांपूर्वी मीच उलटवलेली कॉलर. कोपरावरची ठिगळं मंदाबाईंच्या हातची होती, बारीक, एकसारखी, शिंप्यानं मान डोलवावी अशी. मी थांबलो. सर म्हणाले, "हाच तर पुढे चालणार आहे, हा सगळ्यात जास्त." मनात म्हणालो, जुनाच तर आहे, आपण त्यांना नवा शिवून देऊ. आणि डाव्या खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत कात्री चालवली. धागेही ओढले. फार सुरेख काम झालं होतं.

मालकाच्या तोंडावर बोलणारा सव्वीस वर्षांचा पोरगा मी, साठीला आलो तोवर एका कौतुकाच्या वाक्यात विकला गेलो. त्या मालकाच्या हातात काठी होती म्हणून मी ताठ राहिलो. या माणसाच्या हातात पुस्तक होतं, तिथं वाकलो.

वैशाली बाहेर आली. सदरा उचलला, खांद्याजवळ धरला, मागून पुढून बघितला. सरांकडे न जाता ती माझ्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, हा मायचा येचणीचा सदरा व्हय. हंगाम सारा बाकी हाय. थे काय घालीन आता?"

मी म्हणालो, नवा शिवून देतो, बाई. तिनं विचारलं, "तुमाले मालूम नोतं का?"

मी म्हणालो, "नाही गं. एवढ्या कपड्यांत लक्षात नाही आलं."

तिनं कॉलर उलटी करून माझ्यासमोर धरली. "ही तं तुमीच उलटवेल हाय." एवढंच बोलली आणि सदऱ्याची घडी करून पिशवीत ठेवली. उरलेली तालीम तिनं स्वतःच्या कपड्यात केली. त्या दिवशी तिचा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत गेला नाही. सर म्हणाले, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या फाटकाशी बस उभी होती. कपडे चढवायला मीही सोबत जाणार होतो. वैशाली वेळेवर आली. सरांनी सदरा मागितला, तिनं पिशवीतून काढून दिला. खांद्यापासून पाठीपर्यंत तो शिवलेला होता. मशीनवर नाही, हातानं, पोतं शिवायच्या जाड दोऱ्यानं, अगदी जवळ घातलेले टाके. ओढून काढलेल्या धाग्यांच्या जागी आतून लुगड्याच्या कापडाची पट्टी लावली होती. सर वैतागले. बरोबर आहे, त्यांची सगळी मेहनत त्या दोन दिवसांवर होती. म्हणाले, अगं काल केलं ते कशासाठी केलं होतं? त्यांनी शिवण दोन्ही हातांनी धरून ओढली. टाका सुटला नाही. पुन्हा ओढली. बसच्या खिडक्यांतून पोरं बघत होती. सर लाल झाले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "मास्तर, कात्री."

कात्री माझ्या पिशवीत होती, मूठ वर दिसत होती. मी म्हणालो, "दुकानात राहिली सर." त्यांनी पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी पिशवी काखेत घट्ट धरली. हे काही शौर्य नव्हे. एक दिवस उशिरा आलेलं होतं आणि तेही खोटं बोलून.

तेव्हा वैशाली बोलली, या वेळी सगळ्यांना ऐकू येईल असं. "सर, माय आज उघड्या हातानं गेली येचाले. सदरा तिनंच शिवून देला मले. म्हणे, घालून जाय, पण फाटका घालून नोको जाऊ."

सरांनी सदरा तिच्या हातात दिला आणि चला, उशीर होतोय, असं म्हणत बसमध्ये चढले. त्यांना तिचं म्हणणं कळलं की नुसता उशीर होत होता, हे मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी विषय काढला नाही.

नाटक झालं. वैशाली तो शिवलेला सदरा घालून मोर्चाच्या पुढे चालली आणि भोवती बाकीचे वीस जण माझ्या हातच्या चिंध्यांत होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेशभूषेचं पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. परीक्षक स्टेजवरून म्हणाले की गरिबीचं इतकं वास्तव दर्शन त्यांनी क्वचितच बघितलं. मला बोलावून प्रमाणपत्र हातात दिलं, फोटो काढला. माझ्या एका बाजूला राजा होता, डोक्यावर कापसाचा पांढरा टोप. घाम येऊन डिंक सुटला होता आणि कापूस त्याच्या कानावर ओघळत होता. तो कापूस कोणी वेचला असेल असं माझ्या मनात आलं आणि मला तिथंच कोणालातरी मारावंसं वाटलं. कोणाला, ते ठरेना. कितीही फिरवलं तरी हिशेब माझ्यापाशीच येऊन थांबत होता.

परत आल्यावर मी दुकान बंद ठेवून एक सदरा शिवला. जाडं सुती कापड, दुहेरी कोपर, बाहीला घट्ट कफ म्हणजे मनगटाशी पाकळी शिरायला नको. शिवणीत भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडली. इतका चांगला सदरा मी त्याआधी शिवला नव्हता. तो घेऊन सोनाळ्याला गेलो. मंदाबाई घरी नव्हत्या, शेजारणीनं शेत सांगितलं. धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालत गेलो. सात-आठ बाया ओळीनं वेचत होत्या. मंदाबाईंनी मला बघितलं, कापसानं भरलेली ओटी सावरली आणि धुऱ्यापर्यंत आल्या. जुना सदरा अंगात नव्हता. वैशाली बसमधून उतरून कॉलेजजवळ मैत्रिणीकडेच थांबली होती, अजून घरी आली नव्हती, सदरा तिच्याजवळच होता. लुगड्याचा पदर त्यांनी एका हाताला गुंडाळला होता, दुसरा हात उघडा होता. कोपरापर्यंत ओरखडे, काही ताजे, काही वाळलेले.

मी सदरा पुढे केला. त्यांनी हात पदराला पुसले, सदरा उलटा केला, शिवण बोटानं चाचपली, कफ बघितला. "चांगला शिवला," म्हणाल्या. मला हायसं वाटलं. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मास्तर, पोरगी सांगते थे खरं व्हय का? कात्री तुमीच चालवली?"

मी म्हणालो, "हाव."

"मालूम असून?"

"हाव."

त्यांनी सदऱ्याची घडी केली. माझ्याच इस्त्रीच्या रेषांवर, बाह्या आत दुमडून, बटणं वर येतील अशी. मग ती घडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "जुना येऊन राह्यला घरी. म्या शिवेल हाय तो, चालते अजून."

आणि त्या परत आपल्या ओळीला लागल्या.